तुरुंगाच्या अंगणात ‘ल्युसिल’ : बी. बी. किंग यांची गायकी आणि सेवा

शिकागो शहरातील कुक काउंटी तुरुंगाच्या आवारात १० सप्टेंबर १९७० रोजी एक तात्पुरते व्यासपीठ उभारण्यात आले होते. समोर सुमारे दोन हजार बंदिवान बसले होते आणि त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. रीतीप्रमाणे आरंभी उपस्थित पाहुण्यांची ओळख करून देण्यात आली. शेरीफ आणि मुख्य न्यायाधीश यांची नावे उच्चारताच बंदिवानांनी एकच हुर्यो उडवली. त्या दिवसाच्या ध्वनिमुद्रणात ती हुर्यो आजही ऐकू येते. ती कापून टाकण्याचा मोह निर्मात्यांनी आवरला, हे बरे झाले. त्यानंतर गिटार घेऊन जो गायक पुढे आला, त्याला पंचेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला सहा दिवस उरले होते. त्याचे नाव रायली बी. किंग. ब्लूजचे श्रोते त्याला बी. बी. किंग म्हणून ओळखतात.

या कार्यक्रमाचे निमंत्रण तुरुंगाचे प्रमुख विन्स्टन मूर यांनी दिले होते. मूर मानसशास्त्राचे जाणकार होते आणि अमेरिकेतील एखाद्या मोठ्या तुरुंगाचा कारभार हाती आलेले ते पहिले कृष्णवर्णीय अधिकारी. त्यांच्या आधी या तुरुंगात दांडगट बंदिवानच बराकींवर राज्य करीत. येथील बहुतेक माणसे शिक्षा भोगणारी नव्हती. खटला उभा राहण्याची वाट पाहणारे, आपल्याकडे ज्यांना कच्चे कैदी म्हणतात, असे ते होते. जामिनाची रक्कम भरता न आल्याने अनेकांचे महिनेच्या महिने गजांआड जात. किंग यांच्या मनावर त्या दिवशी याच गोष्टीचा खोल ठसा उमटला, आणि पुढील तीन दशकांत त्यांनी तुरुंगांतून विनामूल्य केलेल्या कार्यक्रमांची सुरुवात येथून झाली.

मात्र किंग यांना तुरुंग परका नव्हता. तो त्यांच्या घराण्याच्या आणि त्यांच्या संगीताच्या इतिहासात आधीपासूनच होता. त्यासाठी मिसिसिपी राज्यात मागे जावे लागते.

रायली किंग यांचा जन्म १६ सप्टेंबर १९२५ रोजी मिसिसिपीच्या डेल्टा प्रदेशात, इट्टा बेना गावाजवळच्या कापसाच्या मळ्यावर झाला. आईवडील बटईने जमीन कसणारे होते. बी-बियाणे, अवजारे, किराणा, सारे मळेमालकाकडून उधारीवर घ्यायचे आणि हंगामाच्या शेवटी मालकाच्याच वहीप्रमाणे हिशेब चुकता करायचा, अशी ती पद्धत. हिशेब सहसा चुकता होत नसे. रायली लहान असतानाच आईवडील विभक्त झाले, नऊ-दहाव्या वर्षी आई गेली, आणि ज्या आजीने सांभाळले तीही १९४० मध्ये निवर्तली. किलमायकल गावच्या चर्चमधील धर्मोपदेशक गिटार वाजवून गात. त्यांनी या मुलाला पहिले तीन स्वरमेळ शिकवले. स्वतःची पहिली गिटार त्याने मालकाने दिलेल्या उचलीतून घेतली आणि ती रक्कम मजुरीतून वळती करून दिली.

वडिलांकडे लेक्झिंग्टन गावी काही काळ राहत असताना त्याने न्यायालयाच्या इमारतीसमोर एका कृष्णवर्णीय तरुणाचा टांगलेला मृतदेह पाहिला. भोवती जमलेल्या गोऱ्यांच्या गर्दीसमोर चेहऱ्यावर काही उमटू न देता तेथून निघून जावे लागले, ही आठवण त्यांनी १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. त्या प्रदेशात न्यायालय आणि तुरुंग या शब्दांचा अर्थ कृष्णवर्णीय माणसाला असा उघड्यावर शिकवला जाई.

ब्लूजचा आणि तुरुंगाचा संबंधही येथलाच. मिसिसिपीचा सरकारी तुरुंग ‘पार्चमन फार्म’ हा विसाव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेला प्रचंड शेतमळाच होता. बंदिवानांकडून तेथे कापूस पिकवून घेतला जाई. रांगेत कुदळी चालवताना एकाने ओळ उचलायची आणि इतरांनी ती झेलायची, अशी श्रमगीते तेथे गायली जात. लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स यांनी ती अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रित केली. १९३९ मध्ये पार्चमनमध्ये त्यांनी ज्या बंदिवानांचे गाणे मुद्रित केले, त्यांत बुका व्हाइट नावाचा एक ब्लूजगायक होता. एका गोळीबार प्रकरणात तो शिक्षा भोगत होता. हा बुका व्हाइट रायली किंग यांच्या आईचा नातलग, म्हणजे मुलाच्या दृष्टीने घरातील थोर कलावंत. पार्चमन तुरुंग सनफ्लॉवर काउंटीत येतो. रायली १९४३ मध्ये जेथे ट्रॅक्टर चालवण्याच्या कामावर लागला, ते इंडियनोला गाव त्याच काउंटीचे मुख्य ठिकाण आहे.

इंडियनोलात शनिवारी संध्याकाळी हा तरुण रस्त्याच्या कोपऱ्यावर गिटार घेऊन बसे. भक्तिगीत म्हटले की लोक पाठीवर थाप देत, आशीर्वाद देत. ब्लूज म्हटले की नाणी टाकीत. ब्लूजगायक होण्याचा निर्णय आपण याच हिशेबाने घेतला, असे किंग पुढे हसत हसत सांगत. १९४६ मध्ये ट्रॅक्टर शेडमध्ये लावताना त्याचे धुराडे मोडले. मालकाच्या भीतीने रायली मेम्फिसला पळाला आणि बुका व्हाइटकडे काही महिने राहिला. गाणे कसे जगायचे हे त्याने तेथे पाहिले. पण नंतर तो परत आला, मालकासमोर उभा राहिला आणि काम करून नुकसान भरून दिले. त्यानंतरच १९४८ मध्ये त्याने मेम्फिसची वाट कायमची धरली.

मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए या नभोवाणी केंद्राने त्याला पहिली संधी दिली. आपले संपूर्ण प्रसारण कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी करणारे हे अमेरिकेतील पहिले केंद्र. ‘पेप्टिकॉन’ नावाच्या एका बलवर्धक औषधाची जाहिरात गाऊन किंग यांची कारकीर्द सुरू झाली. बील स्ट्रीट या रस्त्यावरचा ‘ब्लूज बॉय’ म्हणून ते ओळखले जाऊ लागले आणि त्याचीच आद्याक्षरे पुढे नाव बनली. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सा राज्यातील ट्विस्ट या गावी नाचगाणे चालू असताना दोन पुरुषांच्या मारामारीत ऊब देण्यासाठी पेटवलेले रॉकेलचे पिंप लवंडले आणि लाकडी इमारत पेटली. बाहेर आलेले किंग गिटारसाठी पुन्हा आत धावले आणि कसेबसे वाचले. मारामारी ल्युसिल नावाच्या स्त्रीवरून झाली होती, असे दुसऱ्या दिवशी कळले. असा वेडेपणा पुन्हा करायचा नाही याची आठवण म्हणून त्यांनी गिटारला तेच नाव दिले. नंतरची त्यांची प्रत्येक गिटार ‘ल्युसिल’च होती.

‘थ्री ओ’क्लॉक ब्लूज’ हे त्यांचे गीत १९५२ मध्ये कृष्णवर्णीय संगीताच्या लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्यानंतरचे आयुष्य बसमध्ये गेले. एकट्या १९५६ सालात त्यांनी ३४२ कार्यक्रम केले, हा आकडा वाचताना क्षणभर थांबावे लागते. दक्षिणेतील बहुतेक हॉटेले आणि उपाहारगृहे त्या काळी कृष्णवर्णीयांना बंद होती. रोज गाणाऱ्या या माणसाला रोज कोठे जेवायचे आणि कोठे निजायचे, हे शोधावे लागे.

त्यांच्या गायकीविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. ब्लूजची ठरावीक बांधणी बारा मात्रांच्या नव्हे तर बारा आवर्तनखंडांची असते: पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीने तिचा निकाल लावायचा. प्रत्येक ओळीनंतर जी मोकळी जागा उरते, तेथे वाद्य उत्तर देते. किंग यांना एकाच वेळी गाणे आणि गिटार वाजवणे जमत नसे, आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. गाताना गिटार गप्प, गिटार बोलू लागली की गायक गप्प. या उणिवेतूनच त्यांची शैली घडली. तार बोटाने ताणून एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणे आणि स्वर धरून डावा हात थरथरवणे, या दोन क्रियांनी ‘ल्युसिल’ माणसासारखी बोले. आपल्या संगीतातील मींड आणि आंदोलन जाणणाऱ्या कानाला ही भाषा परकी वाटू नये. त्यांचे स्वर मोजके असत. वेगवान वादकांच्या तुलनेत त्यांनी किती स्वर वगळले, हे ऐकण्यासारखे आहे. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या रीगल नाट्यगृहात मुद्रित झालेला त्यांचा कार्यक्रम या शैलीचा उत्तम नमुना मानला जातो.

साठीच्या दशकात तरुण कृष्णवर्णीय श्रोता ब्लूजपासून दूर जाऊ लागला. मळ्यावरच्या दिवसांची आठवण त्याला नको होती. नेमक्या त्याच काळात इंग्लंड-अमेरिकेतील गोरे रॉक वादक किंग यांचे ऋण उघड मान्य करू लागले. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात लांब केसांच्या गोऱ्या तरुणांनी, एकही स्वर वाजण्याआधी, उभे राहून त्यांचे स्वागत केले तेव्हा किंग यांना अश्रू आवरले नाहीत. १९६९ च्या अखेरीस आलेल्या ‘द थ्रिल इज गॉन’ या गीताने ते सर्वांचे झाले. या गीतासाठी त्यांना मिळालेला ग्रॅमी पुरस्कार पहिला. पुढे ही संख्या पंधरावर गेली.

म्हणजे कुक काउंटी तुरुंगात गायले तेव्हा किंग कीर्तीच्या शिखरावर होते. ते गाणे १९७१ च्या आरंभी तबकडीच्या रूपाने बाजारात आले आणि कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत अव्वल ठरले. येथे एक आक्षेप संभवतो. बंदिवानांच्या दुःखावर तबकडी खपली, गायकाची कीर्ती वाढली. मग परोपकार कोणी कोणावर केला? जॉनी कॅश यांच्या फॉलसम आणि सॅन क्वेंटिन तुरुंगांतील गाजलेल्या ध्वनिमुद्रणांना तेव्हा दोन-तीन वर्षेही झाली नव्हती, त्यामुळे तुरुंगातील गाणे विकले जाते हे व्यावसायिकांना ठाऊक होते. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. त्याला उत्तर मिळते ते किंग यांच्या पुढील वर्तनातून. त्यांनी पन्नासहून अधिक तुरुंगांत गाणी केली आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी ध्वनिमुद्रणाचे यंत्र नव्हते.

सत्तरीच्या दशकाच्या आरंभी त्यांनी नामांकित फौजदारी वकील एफ. ली बेली यांच्यासमवेत बंदिवानांचे पुनर्वसन आणि मनोरंजन यांसाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. १९७२ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या सणानिमित्त न्यूयॉर्क राज्यातील सिंग सिंग तुरुंगात त्यांनी केलेला कार्यक्रम माहितीपटाच्या रूपाने उपलब्ध आहे. जोन बाएझ याही त्यात गायल्या होत्या. आदल्याच वर्षी त्याच राज्यातील ॲटिका तुरुंगात बंदिवानांचा उठाव गोळीबाराने चिरडण्यात आला होता आणि त्यात बंदिवान व ओलीस मिळून चाळीसहून अधिक माणसे मारली गेली होती. त्या पार्श्वभूमीवर भिंतींच्या आत वाद्ये आणि कॅमेरे नेणे ही साधी गोष्ट नव्हती. १९९० मध्ये ते कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिनमध्ये गायले आणि त्या ध्वनिमुद्रणालाही ग्रॅमी मिळाले.

या गाण्यांनी तुरुंग बदलले काय? प्रामाणिक उत्तर असे की, नाही. कुक काउंटीचेच पाहा. तबकडीमुळे त्या तुरुंगाकडे देशाचे लक्ष गेले खरे, पण गर्दी आणि गैरसोय तशीच राहिली. १९७४ मध्ये बंदिवानांनीच संघराज्य न्यायालयात दावा लावला, आणि गर्दी आटोक्यात आणण्याबाबत संमतीचा हुकूमनामा होण्यास १९८२ साल उजाडले. जे काम न्यायालयाला जड गेले, ते गिटारने व्हावे अशी अपेक्षा करणे चूक. किंग यांनीही तसा दावा केला नाही. भाषणे त्यांना येत नसत आणि आंदोलनाच्या व्यासपीठावर ते अवघडलेले दिसत. आपण दिलेला तासभर हा तासभरच आहे, याची त्यांना जाण होती. परंतु ज्यांना भेटायला कोणी येत नाही, त्यांच्याकडे देशातील सर्वांत मोठा ब्लूजगायक स्वतःच्या वाद्यवृंदासह मोबदला न घेता पुनःपुन्हा येतो, याचे मोल त्या अंगणात बसलेल्यांनीच ठरवायचे होते. कुक काउंटीच्या ध्वनिमुद्रणात हुर्योनंतर जो जल्लोष ऐकू येतो, तो त्या दृष्टीने ऐकावा.

तुरुंगाबाहेरचे त्यांचे कामही याच वळणाचे होते. नागरी हक्क चळवळीचे मिसिसिपीतील नेते मेडगर एव्हर्स यांची जून १९६३ मध्ये जॅक्सन शहरात त्यांच्या घराच्या दारात हत्या झाली. त्यांचे बंधू चार्ल्स एव्हर्स यांनी १९७३ पासून दरवर्षी स्मृतिमहोत्सव भरवण्यास आरंभ केला, आणि किंग त्यात वर्षानुवर्षे मोबदल्याशिवाय गात राहिले. आपल्या संग्रहातील हजारो ध्वनिमुद्रिका त्यांनी मिसिसिपी विद्यापीठाच्या ब्लूज अभिलेखागाराला दिल्या. याच विद्यापीठाने १९६२ मध्ये पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश देताना दंगल अनुभवली होती. गरीब वस्त्यांतील सरकारी शाळांना विनामूल्य वाद्ये आणि शिक्षण पुरवणाऱ्या ‘लिटल किड्स रॉक’ या संस्थेच्या मानद मंडळावर ते २००२ पासून होते. १९९० मध्ये मधुमेहाचे निदान झाल्यावर रक्तशर्करा मोजण्याच्या यंत्राच्या जाहिरातींत ते दिसू लागले. त्या जाहिराती व्यावसायिक होत्या, त्यांना सेवा म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरी रोज साखर तपासा असे सांगणारा हा ओळखीचा चेहरा अनेक घरांत पोहोचला.

या सर्वांत इंडियनोलाचे स्थान वेगळे. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद अवैध ठरवला, तेव्हा त्याला विरोध करण्यासाठी गोऱ्यांची पहिली ‘सिटिझन्स कौन्सिल’ याच गावात स्थापन झाली. पुढे दक्षिणेत तिच्या शाखा पसरल्या. ज्या गावात ट्रॅक्टर चालवून आठवड्याला वीस-बावीस डॉलर मिळत आणि पदपथावर गाऊन त्याहून अधिक सुटत, त्या गावी किंग ऐंशीच्या दशकापासून दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर परतू लागले. उद्यानातील हिरवळीवर कार्यक्रम होई. गोरी आणि काळी मुले पुढे बसत आणि सत्तरी ओलांडलेला गायक त्यांना नाचायला बोलावी. रात्री उशिरा ते ‘क्लब एबनी’ या जुन्या ठिकाणी गात. दक्षिणेतील कृष्णवर्णीय कलावंतांचे ते हक्काचे व्यासपीठ. मालकीण निवृत्त झाल्यावर ते बंद पडू नये म्हणून २००८ मध्ये किंग यांनी ते विकत घेतले आणि नंतर गावातील संग्रहालयाच्या स्वाधीन केले.

राज्याने त्यांना ओळखायला वेळ लावला. फेब्रुवारी २००५ मध्ये मिसिसिपी विधिमंडळाने त्यांचा गौरव केला, तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा हा गायक सभागृहात रडला. तोवर स्वीडनचा पोलार संगीत पुरस्कार (२००४) त्यांना मिळून गेला होता. पुढल्या वर्षी अमेरिकेचे स्वातंत्र्यपदकही मिळाले. सन्मानांची यादी लांबलचक आहे आणि ती कोणत्याही कोशात सापडते. त्यांच्या शिष्यपरंपरेची यादी मात्र कोशात मावणार नाही. त्यांना गुरुस्थानी मानणारे बडी गाय २०११ मध्ये मुंबईत आले आणि वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत भरलेल्या पहिल्या महिंद्र ब्लूज महोत्सवात त्यांनी गायन-वादन केले, तेव्हा त्या ताणलेल्या तारांतून किंग यांची बोली मुंबईकरांच्याही कानी पडली.

उतारवयात मधुमेहाने गुडघे निकामी झाले आणि किंग खुर्चीत बसून गाऊ लागले. ३ ऑक्टोबर २०१४ रोजी शिकागोत कार्यक्रम करताना त्यांची प्रकृती बिघडली. उरलेला दौरा रद्द झाला आणि तोच अखेरचा ठरला. कुक काउंटीच्या अंगणातील कार्यक्रमाला तेव्हा चव्वेचाळीस वर्षे होऊन गेली होती. १४ मे २०१५ रोजी लास व्हेगास येथे, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मेम्फिसच्या बील स्ट्रीटवरून अंत्ययात्रा निघाली आणि नंतर पार्थिव मिसिसिपीत आणण्यात आले.

इंडियनोलात २००८ मध्ये उघडलेले त्यांच्या नावाचे संग्रहालय एका जुन्या विटांच्या जिनिंगला जोडून बांधले आहे. सरकी काढण्याच्या त्या कारखान्यात चाळीशीच्या दशकात तरुण रायली किंग कामाला होता. ३० मे २०१५ रोजी त्याच आवारात त्यांचे दफन झाले.